मासे नसलेली टाकी

लोक माझ्यासाठी घर आवरतात, हे मला एकवीस वर्षांत पाठ झालं आहे. दत्तक मूल मागणाऱ्या जोडप्याच्या घरी जायचं, घर बघायचं, माणसं बघायची आणि तिथं मूल द्यावं की नाही ते संस्थेला लिहून द्यायचं, हे माझं काम. दारात उभी राहिले की मी आधी नाक चालवते. ताज्या रंगाचा वास आला, की समजायचं भिंतीवर काहीतरी होतं. फ्रीजमध्ये फळं जरा जास्तच शिस्तीत बसलेली असली, तर ती माझ्यासाठी. एका घरात बाई मला सांगत होत्या की हे अस्वल माझं लहानपणापासूनचं, आणि अस्वलाच्या कानाला दुकानाची चिठ्ठी लटकत होती. मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. माझा नवरा म्हणतो, तू आरशालाही दोनदा विचारतेस. विचारते.

तर त्या घरात शिरल्या शिरल्या माझ्या मनात पाल चुकचुकली, ती एका काचेच्या टाकीवरून. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून भिंगं घासायचा, बायको एका शाळेचं ग्रंथालय सांभाळायची. बाहेरच्या खोलीत जाड लाकडी टेबलावर तीन फुटी टाकी. तळाला धुतलेले बारीक खडे, पाचसहा हिरवी रोपं, कोपऱ्यात फिल्टर गुरगुरतोय, वर दिवा, काचेला चिकटवलेला तापमापक. सगळं जिथल्या तिथं होतं. मासा मात्र एकही नव्हता.

मासे कुठे, असं मी विचारलं. भिंगवाला म्हणाला, अजून वेळ आहे. किती? पाचेक आठवडे. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी वहीत मान घातली. मासे मेले असणार आणि मी येणार म्हणून सकाळी घाईघाईने फेकले असणार, हे मला उघड दिसत होतं. पाणी पिण्याच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात जाऊन कचऱ्याच्या डब्यातही डोकावले. बटाट्याची सालं होती आणि जुनं वर्तमानपत्र. त्याने माझं समाधान झालं असं कोणी समजू नये. इतका निर्दोष कचरा मला आवडत नाही.

एवढी कसून झडती मी प्रत्येकाची घेत नाही. या वेळी प्रश्न मुंगीचा होता. मुंगी आठ वर्षांची. बालगृहात तिला सगळे याच नावाने हाक मारतात, कारण ती सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेऊन ठेवत असते. दोन वर्षांपूर्वी मीच तिला एका घरी दिलं होतं. त्या घरात सगळं तयार होतं, पलंग, पुस्तकं, नवं दप्तरसुद्धा. मी एकाच भेटीत खूश झाले आणि सही केली. चार महिन्यांनी ते लोक तिला परत घेऊन आले. तिने एक फुलदाणी फोडली होती, मग खोटं बोलली होती, मग आणखी काही काही. "जुळलं नाही," असं ते म्हणाले, चपलेचा जोड परत करावा तसं. मुंगी ऑफिसातल्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. ती रडली नाही. रडली असती तर मला जरा तरी हलकं वाटलं असतं.

आता ती आणखी एकदा परत आली, तर पुन्हा कुठल्याही घरात मनाने राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आणि सही माझीच लागणार होती.

भिंगवाला आणि त्याची बायको तिला बालगृहात तीनदा भेटून गेले होते. तिसऱ्या भेटीत त्याने तिला टाकीबद्दल सांगितलं. मुंगीने विचारलं, मासे किती? तो म्हणाला, अजून एकही नाही, पण तू घरी येशील तेव्हा असतील. ते गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मावशी, त्यांच्याकडे टाकी नाहीच आहे," ती म्हणाली.

एवढ्या एका बाबतीत आम्हा दोघींचं छान जमतं.

दुसऱ्या भेटीला मी न कळवता गेले. तीन आठवडे झाले होते, शनिवारची दुपार होती. दार भिंगवाल्याने उघडलं. त्याच्या हातात एक छोटी बाटली होती आणि खोलीत नाकाला झोंबणारा वास होता. टाकी तशीच, मासे नाहीतच, पाणी मात्र आता किंचित गढूळ. बाटलीत काय आहे, मी विचारलं. अमोनिया, तो म्हणाला. कशाला? पाण्यात घालायला. तो हे इतक्या सहज म्हणाला, की मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, सांगा.

त्याने सांगितलं ते असं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि त्यानेच मासे मरतात. फिल्टरच्या स्पंजात एक तऱ्हेचे जिवाणू वाढले, की ते अमोनिया खातात. पण त्यातून नायट्राइट होतं, तेही विषच. मग दुसरे जिवाणू वाढतात, ते नायट्राइट संपवतात. हे सगळं जमून यायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून तो रोज चार थेंब अमोनिया घालत होता. लोक नव्या टाकीत लगेच मासे सोडतात, आणि जिवाणू वाढेपर्यंत मासेच ते सगळं अंगावर काढतात. निम्मे मरतात, असं तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही झाला की जणू त्याच्या ओळखीतलं कोणी गेलं होतं.

मग त्याने परीक्षानळीत टाकीतलं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकले, नळी हलवली आणि रंगांच्या तक्त्याशेजारी धरली. पिवळा म्हणजे शून्य. जितका हिरवा तितकं विष. पाणी पोपटी झालं. त्याने वहीत आकडा लिहिला. वही मी मागून घेतली. एकाच बैठकीत आख्खी वही खोटी लिहून काढणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे आकड्यांआधी मी शाई बघते. तीन वेगवेगळी पेनं होती, एका पानावर चहाचा डाग होता आणि एका तारखेपुढे बायकोच्या अक्षरात 'आज मी मोजलं, तू उशिरा आलास' असं लिहिलं होतं. वहीत खोट नव्हती, हे मान्य करणं भाग होतं.

पण निघताना तो म्हणाला की मासे आल्यावरच मुंगी घरी आली तर बरं, आणि तिथे मला वाटलं, इथेच कुठेतरी पाणी मुरतंय. मूल हवं म्हणायचं आणि तारीख मात्र पुढे ढकलत राहायचं, असेही लोक असतात. त्यांना निमित्त लागतं. कोणाला रंगकाम, कोणाला बढती. याने टाकी काढली होती.

म्हणून मी घरी न जाता दोन रस्ते ओलांडून शोभेच्या माशांच्या एका दुकानात शिरले. भिंतभर टाक्या आणि त्यांच्यामध्ये एक जाडजूड, प्रसन्न माणूस. नवी टाकी किती दिवस रिकामी ठेवायची, असं मी विचारलं. तो हसला. आजची टाकी, आजचेच मासे, म्हणाला. मेले तर? तर आणखी न्या, मी बसलोच आहे. पाच आठवडे कोणी थांबतं का, या प्रश्नावर त्याने मान हलवली. इतका धीर असलेलं गिऱ्हाईक त्याने बघितलं नव्हतं. मला हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते मिळाल्याचा मला आनंदही झाला, हे मी कबूल करते.

तिसरी भेट कळवून केली, आणखी दोन आठवड्यांनी, गुरुवारी संध्याकाळी. त्याच आठवड्यात रविवारी मुंगी पहिल्यांदा त्यांच्या घरी दिवसभरासाठी येणार होती. या खेपेला घर असं चकचकीत होतं, की मला जिन्यातच साबणाचा वास आला. भिंगवाल्याची मोठी बहीण आली होती, पदर खोचून. मॅडम येणार म्हटल्यावर हातभार लावायला आले, म्हणाली. तिने खिडक्यांच्या काचा, पंख्याची पाती, दारांच्या कड्यासुद्धा घासल्या होत्या. भिंगवाला दुकानातून नुकताच आला होता आणि लग्नघरातल्यासारखा इकडून तिकडे करत होता. काल अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होते. रात्री घातलेले थेंब आज संध्याकाळपर्यंत पुन्हा संपलेले असले, की झालं. शनिवारी पाणी बदलायचं, सहा छोटे मासे आणायचे, रविवारी मुंगी. आजची तपासणी माझ्यासमोर करायची म्हणून तो थांबला होता.

त्याने थेंब टाकले, नळी हलवली, तक्त्याशेजारी धरली. पाणी हिरवंगार झालं.

त्याने नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्याचा चेहरा पडला. मी वही मिटली आणि माणसं बघायला लागले, कारण घरात काही बिघडलं की आळ कोणाकडे वळतो, हे बघण्यासाठीच मी खरं तर जात असते आणि एरवी ते कोणी दाखवत नाही. भिंगवाल्याने फिल्टरचं झाकण उघडलं. आतला स्पंज नव्यासारखा पिवळाधमक होता.

"ताई, हा तू धुतलास?" त्याने विचारलं.

बहीण म्हणाली, हो, सकाळी, तुम्ही दोघं कामावर गेल्यावर. किती घाण होता तो, तपकिरी लिबलिबीत. मॅडम वाकून बघतील म्हणून भांड्यांच्या साबणाने चांगला तीनदा पिळला. बोलता बोलता तिला काहीतरी जाणवलं आणि ती थांबली. ती तपकिरी लिबलिब म्हणजेच त्याचे पाच आठवडे होते.

"ताई," तो म्हणाला, आणि पुढचं काही न बोलता गॅलरीत निघून गेला. मी घड्याळ बघितलं. सहा मिनिटं. तेवढ्यात बायकोने नणंदेला पाणी दिलं आणि माझ्यासमोर काही सारवासारव केली नाही. तो आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. म्हणाला, स्पंजाला हात लावू नकोस हे मी तुला सांगायला हवं होतं, चूक माझी. बहिणीला रडू आलं आणि मग तिने डोळे पुसून उपाय सुचवला. शनिवारी मासे आणून सोडा. पोरीला रविवारी मासे दिसतील. मेले तर गुपचूप काढा, तसेच दुसरे आणा. आठ वर्षांच्या मुलीला सहा मासे सारखेच.

मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. मुलीला फसवाल का, हाच प्रश्न मी त्यांना थेट विचारू शकले नसते.

"वन्सं, तिला कळेल," बायको म्हणाली. "आणि नाही कळलं तरी मासे मरतीलच ना."

रविवारी मी सांगतो तिला, भिंगवाला म्हणाला. त्या रात्रीच तो टाकी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार होता. मी निघाले. जिना उतरताना मात्र मनात आलंच, की माझ्यासमोर सगळेच शहाणे असतात.

रविवारी मुंगीला मी बसने घेऊन गेले. घरात शिरताच ती सरळ टाकीपाशी गेली. टाकी खरोखरच आहे, हे पाहून तिला जरा धक्का बसला असावा. मग तिने पाण्यात पाहिलं, रोपांमागे पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. मला तिचं कौतुक वाटलं. भिंगवाला तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"मासे असतील असं मी म्हणालो होतो. ते नाहीत. अजून महिना तरी लागेल," तो म्हणाला.

"मेले?"

"नाही. आणलेच नाहीत."

मग पाणी कशाला, असं तिने विचारलं. त्याने नळी काढली आणि थेंब तिला टाकायला दिले. तिने जीभ बाहेर काढून, मोजून टाकले. हिरवं झालं. त्याने सगळं सांगितलं, जिवाणूंचं, स्पंजाचं. कोणी धुतला, तिने लगेच विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बहिणीने वर्गात करतात तसा हात वर केला. मुंगी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग तुम्ही अजून इथे येता?"

"येते की," ती म्हणाली. "आज तर जेवायलाच आहे."

मला माहीत होतं ती काय जुळवून बघत होती. ऑफिसातला तो बाक मला आठवला. फुलदाणी फुटली तेव्हा त्या घरात कोणी सहा मिनिटं गॅलरीत जाऊन आलं नव्हतं.

जेवणाआधी भिंगवाल्याच्या बायकोने तिला पेलाभर दूध दिलं. तो पेला दोन्ही हातांत धरून मुंगी खोलीभर हिंडली. मग टाकीशेजारच्या स्टुलावर चढली. आम्ही सगळे तिथेच होतो. तिने पेला पाण्यावर धरला आणि आमच्याकडे बघत बघत उपडा केला. टाकीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती भिंगवाल्याच्या तोंडाकडे बघत होती.

दूध पांढऱ्या दोऱ्यांसारखं खाली उतरत होतं आणि मला पुढचं सगळं दिसत होतं, बॅग, बाक, जुळलं नाही. भिंगवाला ताडकन उठला. मुंगीने खांदे आकसले आणि डोळे मिटले, पण स्टुलावरून ती हलली नाही. त्याने तिच्या मागून हात घालून फिल्टरचं बटण बंद केलं. "दूध स्पंजात जाईल," तो स्वतःशीच म्हणाला. मग तिथेच उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता.

"मला राग आलाय," तो तिला म्हणाला. "खूप आलाय. जरा थांब, उतरेल."

मुंगीने एक डोळा उघडला. बायको काही न विचारता मोरीतून रबरी पाईप आणि दोन बादल्या घेऊन आली. मी स्पंजाला हात लावणार नाही, असं बहिणीने जाहीर केलं आणि आधी तिलाच हसू आलं. थोड्या वेळाने भिंगवाल्याने एक मोठा श्वास सोडला, पाईपचं एक टोक टाकीत घातलं आणि दुसरं मुंगीच्या हातात दिलं. पाणी बादलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही जबाबदारी तिची. पुढचा तास त्यांनी टाकी उपसली, खडे धुतले, नवं पाणी भरलं आणि त्यात क्लोरीन मारायचे थेंब टाकले. तारीख पुन्हा मागे गेली आणि कोणी कोणाला काही बोललं नाही. जेवण गार झालं. मुंगी दोनदा वाढून घेऊन जेवली.

माझी सही पक्की झाली होती. या माणसांबद्दल शंका घ्यायला मला आता काही उरलं नव्हतं. पण माझा स्वभाव रिकामा बसत नाही. परतीच्या बसमध्ये मुंगी खिडकीशी बसली आणि माझा संशय तिच्यावरच वळला. आज दूध ओतलं. उद्या काय करेल? हिला घर नकोच असेल तर? चांगली माणसं मिळाली, तरी हीच त्यांचा धीर संपेपर्यंत तोडत बसली तर? विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण एकवीस वर्षांची सवय. दूध का ओतलंस, असं मी विचारलंच. चुकून सांडलं म्हणेल, अशी माझी खात्री होती.

ती दोन थांबे येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

"मासे असते तर नसतं ओतलं," ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. त्याला अजून रबरी पाईपचा वास येत होता.